जुनी एसयूव्ही घेताना: काय बिघडतं, का बिघडतं आणि पैसा कुठे जातो

प्रश्न असा आहे: सात-आठ वर्षांची, एक लाख किलोमीटरच्या थोडी पुढे धावलेली डिझेल ऑटोमॅटिक एसयूव्ही, फोर व्हील ड्राइव्हसह, नव्या छोट्या गाडीच्या किमतीत मिळते आहे. विकणारा म्हणतो, ‘गाडीत काहीच काम नाही.’ घ्यावी का, कोणत्या कंपनीची टिकते आणि दुरुस्तीला किती पैसे बाजूला ठेवावेत?

हिशेबाची मुख्य गोष्ट आधी. वापरलेल्या गाडीची किंमत दरवर्षी उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. नवी असताना जी गाडी तुमच्या बजेटच्या तिप्पट होती, तिचा टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा भाग), तिचा गिअरबॉक्स आणि तिचे हेडलाइट आजही त्या तिप्पट किमतीच्या हिशेबानेच मिळतात. त्यामुळे एकेका मोठ्या दुरुस्तीच्या बिलाचा अंदाज तुम्ही मोजलेल्या किमतीवरून बांधू नका. तशीच गाडी आज नवी घेतली तर काय पडेल, त्यावरून बांधा. आलिशान एसयूव्ही आठव्या वर्षी इतकी स्वस्त का होते, याचं उत्तरही यातच आहे. बाजाराला तिचा पुढचा खर्च ठाऊक असतो.

दुसरं म्हणजे एक ते दीड लाख किलोमीटरच्या दरम्यान बरीच मोठी कामं एकाच वेळी अंगावर येतात. टायमिंग बेल्ट (इंजिनातल्या व्हॉल्व्ह-पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा), गिअरबॉक्सचं ऑइल, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझल, शॉकअप आणि बुश, डीपीएफमध्ये, म्हणजे काजळीच्या गाळणीत, साठलेली राख, सगळं याच पट्ट्यात. पहिले मालक नेमके त्याच्या उंबरठ्यावर गाडी विकतात. म्हणून ‘काहीच काम नाही’ हे वाक्य बऱ्याचदा खरंच असतं, पण त्याचा अर्थ ‘अजून काहीच काम केलेलं नाही’ असा होतो. टायमिंग बेल्ट, गिअरबॉक्स ऑइल आणि नोझल यांची बिलं असलेली, दीड लाख धावलेली गाडी मला नव्वद हजार किलोमीटरच्या बिनबिलाच्या गाडीपेक्षा जास्त पसंत पडेल.

पहिल्या वर्षासाठी एकूण पैसे किती ठेवायचे, तर माझा ठोकताळा असा: साध्या रचनेची, भाग सहज मिळणारी गाडी असेल तर खरेदी किमतीच्या १० ते १५ टक्के पहिल्या वर्षासाठी. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे), दोन टर्बो, पॅनोरमिक (मोठं काचेचं) छत असा सरंजाम असेल तर २५ ते ३० टक्के. एवढे उरत नसतील, तर ती गाडी तुमच्या बजेटमध्ये नाही.

आता एकेक भाग. डिझेल इंजिनावर जास्त बोलतो, कारण सर्वात महागडे बिघाड तिथेच आहेत आणि बहुतेक एकमेकांतून जन्मतात.

डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या मार्गातली काजळीची गाळणी. ती भरत आली की इंजिन जास्तीचं डिझेल सोडून तिचं तापमान साधारण ६०० अंशांपर्यंत नेतं आणि काजळी जाळून टाकतं. या रिजनरेशनला पंधरा-वीस मिनिटं सलग चालणं लागतं. गाडी रोज पाच-सात किलोमीटरच फिरली, तर हे जळणं दर वेळी अर्धवट सुटतं. मग दोन गोष्टी होतात. गाळणी गच्च भरते, आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. म्हणून डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढून पाहा. ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर ते ‘ऑइल भरपूर आहे’ असं समजू नका. ते पातळ झालंय आणि त्याच पातळ ऑइलवर बेअरिंगं आणि टर्बो चालले आहेत.

काजळी जळते, राख जळत नाही. राख येते इंजिन ऑइलमधल्या रसायनांतून. ती कमी व्हावी म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचं, एसीईए (युरोपीय वाहन उत्पादकांची संघटना) ‘सी’ वर्गातलं ऑइल लागतं. बिलावर ऑइलचा नुसता ‘५डब्ल्यू-३०’ आकडा असेल तर पुढचा वर्गही विचारा. स्कॅनर (गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारं यंत्र) लावून चार आकडे वाचता येतात: काजळीचे ग्रॅम, राखेचे ग्रॅम, शेवटचं रिजनरेशन किती किलोमीटरपूर्वी झालं आणि गाळणीच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक. गरम इंजिनावर, आयडलला (ॲक्सिलरेटर न देता इंजिन चालू असताना) हा फरक काही मिलिबार एवढाच असावा. दोन रिजनरेशनमधलं अंतर शे-दीडशे किलोमीटरवर आलं असेल तर गाळणी किंवा तिच्या आधीचं काहीतरी आजारी आहे.

‘आधीचं काहीतरी’ हे महत्त्वाचं. गाळणी क्वचितच आपणहून मरते. टपकणारी नोझल, उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (त्याबद्दल खाली), फाटलेला इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाचा) होज पाइप, नाहीतर उघडाच राहिलेला थर्मोस्टॅट (कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, मार्ग उघडणारा-मिटणारा भाग) तिला मारतो. थर्मोस्टॅटचं तर गंमतशीर आहे. तो किरकोळ भाग. तो उघडा अडकला की इंजिन पूर्ण तापत नाही, पुरेसं तापलं नाही की संगणक रिजनरेशन सुरूच करत नाही आणि शेवटी कितीतरी पट महाग गाळणीचं बिल येतं. टेस्ट ड्राइव्हमध्ये वीस मिनिटांनी कूलंटचं तापमान स्कॅनरवर ८० अंशांच्या खाली रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅटवर बोट ठेवा.

सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून पाहा. डीपीएफ धड असलेल्या गाडीत तिथे जवळपास काळं लागत नाही. बोट काळंकुट्ट झालं तर गाळणी फुटलेली आहे किंवा आतून रिकामी करून वर सॉफ्टवेअर बदललेलं आहे. अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. धुराच्या तपासणीत अडकली की नवी गाळणी तुमच्या खिशातून.

टोयोटाच्या २.८ लिटर डिझेलमध्ये (हायलक्स, फॉर्च्युनर, प्राडो, २०१५ ते २०२० दरम्यानच्या) हीच गाळणी मोठी डोकेदुखी ठरली. कंपनीला हाताने रिजनरेशन सुरू करायचं बटण द्यावं लागलं आणि ऑस्ट्रेलियात प्रकरण न्यायालयात गेलं. ‘टोयोटा आहे, काही होत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी एवढं पुरे.

ईजीआरकडे वळू. जळालेला वायू परत इंजिनात घेणारा हा व्हॉल्व्ह काजळीने चिकटतो. पिकअप मरतो, आयडल हंटिंग करतं (आरपीएम आपोआप वर-खाली होत राहतात), काळा धूर मारतो. व्हॉल्व्ह साफ करणं स्वस्त काम आहे. महाग आहे त्याचा कूलर. तो आतून फुटला की कूलंट कमी होत जातं, पण जमिनीवर थेंब दिसत नाही, कारण ते इंजिनात जाऊन पांढरी वाफ होऊन बाहेर पडतं. पुष्कळदा हेड गास्केट गेलं समजून इंजिन उघडलं जातं आणि दोष कूलरमध्ये निघतो. २०१८ मध्ये बीएमडब्ल्यूने जगभरातल्या सुमारे १६ लाख डिझेल गाड्या याच कूलरसाठी परत बोलावल्या. गळलेलं कूलंट काजळीत मिसळून पेट घेण्याचा धोका होता. अशी गाडी पाहत असाल तर ते काम झाल्याची नोंद मागा.

नोझलची तपासणी सोपी आहे आणि तरी कुणी करत नाही. प्रत्येक नोझलच्या परतीच्या नळीला छोटी बाटली लावून इंजिन काही मिनिटं आयडलला ठेवायचं. चारपैकी एका बाटलीत इतरांच्या दुप्पट डिझेल जमलं तर ती नोझल आतून झिजली आहे. स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरची दुरुस्ती-मात्रा (संगणक त्याला डिझेल किती कमी-जास्त देतोय) दिसते. ती एकाच सिलिंडरला फार वेगळी असेल तर तोच दोषी. झाकण काढून नोझलच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर दिसला आणि ‘चफ-चफ’ आवाज येत असेल, तर तांब्याचा वॉशर गळतोय. वॉशर अगदी स्वस्त, पण दुर्लक्ष महाग. टोयोटाच्या आधीच्या ३.० लिटर डिझेलमध्ये (वन-केडी) या वॉशरमधून गळणारा वायू ऑइल कार्बनने भरायचा, चेंबरमधली (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातली) ऑइलची जाळी तुंबायची आणि ऑइलचा दाब पडून इंजिनच जायचं. त्या इंजिनाची गाडी घेतल्यावर चेंबर उतरवून जाळी बघणं हे पहिलं काम.

हाय प्रेशर पंपाचा बिघाड सर्वांत क्रूर. पंप स्वतः डिझेलच्याच वंगणावर चालतो. डिझेलमध्ये पाणी आलं किंवा चुकून पेट्रोल भरलं गेलं की तो कोरडा घासतो आणि त्याचा धातूचा चुरा रेल (नोझलना डिझेल पुरवणारी दाबाची नळी), नोझल आणि टाकीपर्यंत सगळीकडे पसरतो. मग एकटा पंप बदलून भागत नाही. पंप, रेल, सगळ्या नोझल, नळ्या, शिवाय टाकीची सफाई, असं पूर्ण बिल लागतं. बॉशचा सीपी-४ जातीचा पंप यासाठी विशेष बदनाम आहे. फिल्टरमधलं डिझेल पांढऱ्या भांड्यात काढून उजेडात धरा. चमचमणारी चांदीसारखी पूड दिसली, चुंबकाला चिकटली, तर तिथूनच परत फिरा.

टर्बोच्या बाबतीत इंटरकूलरच्या होजमध्ये ऑइलचा हलका थर असणं नैसर्गिक आहे. ऑइलचं डबकं असणं नाही. चढावर एकाएकी ताकद जाऊन गाडी लिंप मोडमध्ये (इंजिन वाचवायला संगणकाने ताकद तोडलेल्या अवस्थेत) जाते आणि बंद करून चालू केली की ठीक होते, तेव्हा बहुधा टर्बोची पाती काजळीने अडकलेली असतात किंवा ती हलवणारा ॲक्च्युएटर थकलेला असतो. पूर्ण टर्बो लागेलच असं नाही. पण तुटलेला टर्बो बदलताना ऑइलची नळी आणि जाळी न बदलणाऱ्या गॅरेजकडून काम घेऊ नका. नवा टर्बोही त्याच कोरड्या नळीवर मरतो.

टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे इंजिन क्रमांकावरून आधी शोधा. बेल्ट असेल तर किलोमीटर आणि वर्षं दोन्ही मोजतात. बहुतेक उत्पादक ९० हजार ते दीड लाख किलोमीटर किंवा पाच ते दहा वर्षं, यातलं जे आधी येईल ते सांगतात. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. बेल्टसोबत टेन्शनर, आयडलर (बेल्ट ताणून धरणारी आणि वळवणारी चाकं) आणि वॉटर पंप एकदमच बदलायचे, कारण तिथपर्यंत पोहोचायची मजुरी तीच. पंप वाचवून काही महिन्यांनी तो गळला तर पूर्ण मजुरी दुसऱ्यांदा.

चेन आयुष्यभर टिकते असं म्हणतात. चेन टिकते, तिचे प्लास्टिकचे गाइड आणि टेन्शनर टिकत नाहीत. रात्रभर थंड ठेवलेल्या इंजिनाचा पहिला स्टार्ट ऐका. दोन-तीन सेकंद खडखडाट, मग शांत, असं झालं तर टेन्शनरमध्ये दाब राहत नाही. बीएमडब्ल्यूच्या एन-४७ डिझेलमध्ये (२००७ ते २०११ च्या सुमाराचं, एक्स-१ आणि एक्स-३ मध्येही) चेन इंजिनाच्या मागच्या, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेनचा संच फार महाग नाही, पण इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोहोचत नाही. भाग आणि मजुरी यांचं नातं समजायला हे उदाहरण चांगलं.

तिसरा प्रकार ऑइलमध्ये बुडून चालणाऱ्या बेल्टचा. फोर्डच्या १.० इकोबूस्ट आणि स्टेलँटिसच्या (प्यूजो, सिट्रोएन) १.२ प्युअरटेक पेट्रोल इंजिनांच्या जुन्या आवृत्त्यांत तो आहे. बेल्टचं रबर ऑइलमध्ये सुटतं, जाळी तुंबते आणि बेल्ट तुटण्याआधीच ऑइलचा दाब पडतो. ऑइल भरायचं झाकण उघडून टॉर्चने बेल्टचा काठ पाहा. भेगा, सुटलेले धागे किंवा फुगून रुंद झालेला बेल्ट, यातलं एकही नको.

पेट्रोल घेणाऱ्यांसाठी थोडक्यात. ह्युंदाई-कियाच्या थीटा-२ इंजिनात (२०११ नंतरच्या सांता फे, टक्सन, सोरेंटो, स्पोर्टेज यांच्या अनेक आवृत्त्या) कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं जाण्याचे प्रकार इतके झाले की अमेरिकेत २०१५ आणि २०१७ मध्ये गाड्या परत बोलवाव्या लागल्या. होंडाच्या १.५ टर्बोमध्ये (२०१७-१८ ची सीआर-व्ही) थंड हवेत आणि छोट्या फेऱ्यांत पेट्रोल ऑइलमध्ये मिसळतं. फोक्सवॅगन गटाच्या २.० टीएसआयच्या २०१२ पूर्वीच्या आवृत्त्या पिस्टन रिंगांमुळे ऑइल खातात आणि त्यांचा चेन टेन्शनरही कमजोर आहे. डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) बहुतेक पेट्रोल इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साठतो, कारण तिथे पेट्रोलचा फवारा पडून ते धुतले जात नाहीत. तो अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीने मारून काढतात. त्रासदायक, पण गाडी नाकारण्याचं कारण नाही.

गिअरबॉक्सबद्दल सर्वात महागडा गैरसमज ‘आयुष्यभराचं ऑइल’ हा आहे. गाडीच्या पुस्तकात ते बदलायचं नाही असं लिहिलेलं असतं. गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी झेडएफ मात्र आपल्या सहा आणि आठ गिअरच्या पेट्यांसाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी बदला असं सांगते. बनवणाऱ्याचं ऐका. या पेट्यांत फिल्टर आणि प्लास्टिकचं चेंबर एकच असतं, त्यामुळे तेही बदलतं. आणि पातळी इंजिन चालू ठेवून, ऑइलचं तापमान ठरावीक मर्यादेत असतानाच तपासायची असते. थंड गाडीत ‘भरलं, झालं’ करणाऱ्या गॅरेजने ती पेटी तुमच्या नकळत अर्धी उपाशी ठेवलेली असते.

चाचणी अशी करा. थंड इंजिनावर ब्रेक दाबून पी-तून आर, मग डी. गिअर पडायला एक-दीड सेकंदापेक्षा जास्त लागला किंवा धक्का बसला तर ऑइलचा दाब कमी आहे. साठ ते ऐंशीच्या वेगात अगदी हलक्या ॲक्सिलरेटरवर रस्त्यावरच्या खाचांवरून गेल्यासारखी थरथर जाणवली तर टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचा) लॉकअप क्लच झिजतोय. गिअर बदलताना आरपीएम वर उडून मग खाली येत असतील तर आतल्या क्लच प्लेट घसरतायत. या शेवटच्या अवस्थेत ऑइल बदलून काही साधत नाही. लोक मग ‘ऑइल बदललं म्हणून गिअरबॉक्स गेला’ म्हणतात. तो आधीच गेलेला असतो.

सीव्हीटी (ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक पेटी) घेत असाल तर चढावर पाच-दहा मिनिटं दामटून पाहा. तापल्यावर कुईकुई, थरथर किंवा ताकद तोडणं दिसलं तर नको. निसानच्या एक्स-ट्रेल आणि ‘रोग’ (Rogue) या मॉडेलांमधल्या सीव्हीटीचा इतिहास इतका वाईट की अमेरिकेत वॉरंटी वाढवून द्यावी लागली. कोरड्या क्लचच्या ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक, पेट्या (फोर्डची पॉवरशिफ्ट, फोक्सवॅगन गटाची सात गिअरची डीक्यू-२००) रांगत्या ट्रॅफिकमध्ये तापतात. त्यांची परीक्षा मोकळ्या रस्त्यावर होत नाही. ब्रेक सोडून, ॲक्सिलरेटर न देता, चढावर गाडी रांगवून पाहा. मॅन्युअल आणि ड्युअल क्लच गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हीलही (इंजिनाचे धक्के शोषणारं दोन भागांचं जड चाक) आलं. इंजिन बंद करताना खणखणाट झाला तर क्लचसोबत तेही बदलायला लागणार. फोर व्हील ड्राइव्हमध्ये गिअरबॉक्स उतरवायला ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) आणि दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट सोडवावे लागतात, म्हणून हेच काम साध्या गाडीच्या दीडपट-दुप्पट मजुरीला पडतं.

२००५ ते २०१० च्या निसान पाथफाइंडरमध्ये रेडिएटरच्या आत गिअरबॉक्सचा कूलर आहे. तो फुटला की कूलंट आणि गिअर ऑइल मिसळून गुलाबी लस्सीसारखं मिश्रण होतं आणि ऑटोमॅटिक पेटी संपते. रेडिएटर वेळेत बदलला असेल तर गाडी चांगली आहे, नसेल तर पहिल्याच दिवशी बदला.

फोर व्हील ड्राइव्ह बिघडण्याचं मुख्य कारण टायर आहेत, हे कुणाला पटत नाही. दोन नवे आणि दोन झिजलेले टायर लावले की चाकांचा घेर वेगळा होतो आणि मधला क्लच सरळ रस्त्यावरही सतत घसरत, तापत राहतो. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि नक्षीच्या खोलीत दोन-तीन मिलिमीटरच्या आत हवेत. वेगवेगळे टायर दिसले तर मंद वेगात स्टिअरिंग पूर्ण वळवून आठचा आकडा काढा. गाडी अडखळत, ठेचकाळत वळली तर ट्रान्सफर केसचा खर्च धरा. पार्ट टाइम (गरजेपुरतं लावायचं) फोर व्हील असलेल्या गाडीत ही चाचणी कोरड्या रस्त्यावर टू व्हीलमध्येच करायची. तिथे फोर व्हीलमध्ये अडखळणं नैसर्गिकच आहे. पण मातीत किंवा खडीवर नेऊन फोर-हाय आणि फोर-लो दोन्ही खरंच पडतात का, ते बघा. वर्षानुवर्षं न वापरल्याने ॲक्च्युएटर मोटर जाम झालेली सर्रास सापडते.

हॅल्डेक्स कपलिंगच्या, म्हणजे गरज पडली की मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या क्लचच्या, गाड्यांत (फोक्सवॅगन टिग्वान, स्कोडा यती आणि त्याच घरातल्या इतर) पंपाची बारीक जाळी तुंबते. मग मागची चाकं चालायची थांबतात आणि डॅशवर दिवाही लागत नाही. मालकाला वाटतं गाडी फोर व्हील आहे, प्रत्यक्षात ती फक्त पुढच्या चाकांवर असते. साठ हजार किलोमीटरच्या आत ऑइल आणि जाळीची सफाई झाली असेल तर पंप वाचतो.

सस्पेन्शनची साधी कामं मोजायला सोपी आहेत. लिंक रॉड, बुश, बॉल जॉइंट हे जड गाडीचे चपला-बूट. ते झिजणारच, घासाघीस करून किमतीतून वजा करा. वळणावर एका बाजूला घूं घूं वाढत असेल तर व्हील बेअरिंग, ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागून कुईकुई येत असेल तर डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारी गिअरची पेटी). एअर सस्पेन्शन मात्र वेगळा मामला आहे. रबरी फुगे साधारण आठ-दहा वर्षांत घडीच्या जागी चिरतात आणि हळूहळू हवा सोडतात. कॉम्प्रेसर ती भरून काढत राहतो आणि शेवटी तोच जळतो. त्यामुळे कॉम्प्रेसर ‘नुकताच बदललाय’ हे ऐकून खूश होऊ नका. फुगा जुनाच असेल तर नवा कॉम्प्रेसरही त्याच वाटेने जाईल. पाहणी अशी: संध्याकाळी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर टेपने मोजा, गाडी रात्रभर बंद ठेवा, सकाळी चालू करण्याआधी परत मोजा. एक कोपरा खाली बसलेला असेल तर गळती तिथे.

लँड रोव्हरबद्दल स्वतंत्र वाक्य हवं. डिस्कव्हरी आणि रेंज रोव्हर स्पोर्टमधल्या २.७ आणि ३.० व्ही-६ डिझेलमध्ये मेन बेअरिंग फिरून क्रँकशाफ्ट तुटण्याचे प्रकार घडले आहेत आणि ते आधी फारशी सूचना न देता होतात. त्यात एअर सस्पेन्शन आहे आणि अनेक कामांना बॉडी चेसिसवरून उचलावी लागते. चालवायला अप्रतिम गाडी. दुसरी गाडी घरात असेल आणि इंजिन बदलायची तयारी असेल तरच.

लॅडर फ्रेमची (शिडीसारख्या वेगळ्या चेसिसवर बांधलेली) गाडी रॅम्पवर चढवल्याशिवाय घेऊ नका. समुद्रकाठची किंवा बर्फावर मीठ टाकणाऱ्या प्रदेशातली गाडी असेल तर मागच्या ॲक्सलच्या वरचा चेसिसचा भाग हातोडीने हलकेच ठोका. टणटण आवाज हवा, भद्द नको. नुकताच मारलेला जाड काळा रंग दिसला तर संशय वाढवा. पॅनोरमिक छताच्या चार कोपऱ्यांतल्या निचऱ्याच्या नळ्या तुंबल्या की पाणी गालिचाखाली, वायरिंगच्या जोडांवर जातं. पुढच्या सीटखाली हात घालून ओल तपासा आणि सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. पुरात बुडालेल्या गाडीची मातीची रेघ तिथे उरते.

स्कॅनर लावताना ‘कोड (बिघाडाच्या नोंदी) नाहीत’ एवढ्यावर थांबू नका. कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले, हा आकडा साध्या ओबीडी ॲपमध्येही दिसतो. तो २०-३० किलोमीटर असेल तर तुम्ही येणार म्हणून कालच कोड पुसले आहेत. किलोमीटरचा आकडाही फक्त मीटरमध्ये नसतो. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्स, एबीएस किंवा डीपीएफच्या नोंदींत तो वेगळा साठतो. मीटरवर ९० हजार आणि गिअरबॉक्समध्ये १ लाख ७० हजार असं दिसलं तर पुढे बोलायचं काही उरत नाही. चेसिस क्रमांक टाकून परत बोलावण्याची कामं बाकी आहेत का, तेही बघा. टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगचे कोट्यवधी इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारे भाग) जगभर बदलावे लागले आहेत आणि राहिलेले अजून रस्त्यावर आहेत. ते काम फुकट होतं.

आता खर्चाचा अंदाज स्वतः काढायची पद्धत. गाडी पसंत पडली की चेसिस क्रमांक देऊन पाच गोष्टींचे दर मागा: टर्बो, एक नोझल, गिअरबॉक्सची पूर्ण दुरुस्ती, एक पुढचा हेडलाइट आणि चार टायर. अधिकृत केंद्राकडून एकदा, त्या कंपनीच्याच गाड्या करणाऱ्या स्वतंत्र गॅरेजकडून एकदा. हेडलाइट यादीत का, असं वाटेल. आजच्या एलईडी मॅट्रिक्स हेडलाइटला आतल्या मॉड्यूलसकट अख्खा संच घ्यावा लागतो आणि त्या एका आकड्यावरून पूर्ण गाडीच्या सुट्या भागांच्या दराचा अंदाज येतो. भाग किती दिवसांत येतो, हेही विचारा. स्वस्त भागासाठी महिनाभर उभी राहणारी गाडीही महागच.

मजुरीचा विचार तासांत करा. एसीची कूलिंग कॉइल गळली तर कॉइलपेक्षा पूर्ण डॅशबोर्ड उतरवायचे तास जास्त. मागचं क्रँक ऑइल सील नगण्य किमतीचं, पण गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. म्हणून जे काम उघडलंय त्याच्या आसपासचे झिजलेले भाग त्याच वेळी बदलायचे. गिअरबॉक्स खाली असताना सील, क्लच आणि फ्लायव्हील तिन्ही बघायचे.

नोझल, टर्बो आणि ऑटोमॅटिक पेटी चांगल्या ठिकाणी रीकंडिशन करून घेतल्या तर नव्याच्या बऱ्याच खाली पडतात, फक्त चाचणीचा कागद घ्या. सेन्सर मात्र मूळ पुरवठादाराचेच. भंगारातल्या गाडीचं कंट्रोल मॉड्यूल घेण्याआधी ते आधीच्या चेसिस क्रमांकाला कुलूपबंद तर नाही ना, ते विचारा, नाहीतर स्वस्तात आणलेलं मॉड्यूल टेबलावर पडून राहतं.

तपासणीत निघालेली कामं कागदावर लिहा, प्रत्येकापुढे दर लिहा आणि तो कागद विकणाऱ्यासमोर ठेवा. ‘किंमत जरा कमी करा’पेक्षा याला वजन असतं. इंजिन, गिअरबॉक्स, इंधन यंत्रणा, फोर व्हील यंत्रणा, एअर सस्पेन्शन, या पाचपैकी दोन ठिकाणी मोठं काम निघालं तर मी किंमत बोलतच नाही, गाडी सोडतो. एकाच ठिकाणी निघालं आणि त्याची पूर्ण रक्कम वजा होत असेल तर व्यवहार चालतो. थंड इंजिन बघू द्यायला किंवा रॅम्पवर न्यायला नकार मिळाला तर त्यालाही एक मोठं काम धरा.

गाडी घेतल्यावर पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल व फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल. पहिल्या महिन्यात गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल. बेल्टचं बिल नसेल तर बेल्ट या सगळ्यांच्या आधी, विकणारा काहीही म्हणो. नवं ऑइल भरल्यावर डिपस्टिकवरची पातळी सपाट जागी, दहा मिनिटं इंजिन बंद ठेवून लिहून ठेवा आणि हजार किलोमीटरने परत बघा. काही कंपन्या हजार किलोमीटरला अर्धा लिटर खपलेलं चालतं असं छापतात. त्याहून जास्त खपलं तर क्रँककेस ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर काढणारा मार्ग) आणि टर्बो आधी तपासा, मग कॉम्प्रेशन आणि लीक-डाऊन टेस्ट (सिलिंडर दाब किती धरतो, किती सोडतो) करा. आकडे हातात आल्याशिवाय कुणालाही इंजिन उघडू देऊ नका. आणि पातळी घटण्याऐवजी वाढलेली दिसली, तर डिपस्टिक हुंगून परत डीपीएफपाशी या.